छप्पर, छत आणि कैची : लाकडी सांगाड्यापासून संगणकीय आराखड्यापर्यंत

प्रस्तावना

उतरत्या छपराचा भार भिंतींवर पोहोचविणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यास अभियांत्रिकीच्या परिभाषेत ट्रस म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘कैची’ हा समर्पक शब्द आहे. प्रस्तुत लेखात ‘छप्पर’ हा शब्द बाहेरील उतरत्या पाख्यांसाठी आणि ‘छत’ हा शब्द खोलीतून वर पाहिले असता दिसणाऱ्या आतील पृष्ठभागासाठी योजिला आहे. गृहरचनेच्या आजच्या काही सॉफ्टवेअरमध्ये निरनिराळ्या खोल्यांच्या छतांची उंची बदलली, की त्यांवरील कैचीचा आकारही त्यानुसार बदलतो. पूर्वी बहुतांशी कैचीच छताची उंची ठरवीत असे. हा क्रम कसा पालटला आणि त्या ओघात बलाचा हिशेब आकृतीपासून कसा दुरावला, याचा मागोवा घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आडव्या तुळईचे बंधन

एकमेकांवर टेकविलेले दोन वासे आपल्या भाराने पाय फाकवू पाहतात आणि भिंतींना बाहेर रेटतात. दोन्ही पाय आडव्या तुळईने बांधले, की हा रेटा तुळईतच ताणाच्या रूपाने जिरतो व भिंतींवर केवळ उभा भार येतो. सिनाई येथील सेंट कॅथरिनच्या मठातील चर्चवर अशा प्रकारच्या सहाव्या शतकातील कैच्या अद्याप उभ्या आहेत. तुळयांवरील कोरीव लेखांत सम्राट जस्टिनियनचा उल्लेख हयात म्हणून, तर सम्राज्ञी थिओडोराचा दिवंगत म्हणून येतो. त्यावरून त्यांचा काळ इ. स. ५४८ ते ५६५ असा निश्चित करता येतो. नंतरच्या काळात बसविलेल्या सपाट छताआड त्या झाकल्या गेल्या. तुळई सपाट, म्हणून तिच्याखालचे छतही सपाट!

छत उंच हवे असेल, तर तुळई काढावी लागते अथवा वर सरकवावी लागते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचे छप्पर हे याचे सर्वांत भव्य उदाहरण होय. दुसऱ्या रिचर्डच्या आज्ञेने १३९३ मध्ये हाती घेतलेल्या या कामात सुतार ह्यू हर्लंड याने सुमारे २०.७ मीटरचा गाळा मध्ये एकही खांब न घेता आणि आडवी तुळई भिंतीपासून भिंतीपर्यंत न नेता पेलला. भिंतींतून पुढे आलेल्या आखूड तुळया व त्यांना छेदून जाणारी लाकडी कमान यांवर हा डोलारा उभा आहे. यांपैकी नेमका कोणता घटक किती भार वाहतो, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद आहेत. रेटा मात्र नाहीसा झाला नव्हता. तो पेलण्यासाठी भिंतींना बाहेरून दगडी आधार द्यावे लागले. पुढे किडीने पोखरलेल्या या छपरास फ्रँक बेन्स यांच्या देखरेखीखाली १९१४ ते १९२३ या काळात पोलादाचा आधार देण्यात आला.

ऑक्सफर्डचे शेल्डोनियन थिएटर (१६६४–१६६९) नेमके उलट्या मार्गाने गेले. ७० फुटांच्या गाळ्यास पुरेल एवढे लाकूड मिळणे दुरापास्त होते. ख्रिस्तोफर रेन याने तुकडे सांधून आडवी तुळई सिद्ध केली आणि सारी कैची रॉबर्ट स्ट्रीटरने रंगविलेल्या सपाट छताआड लपविली. या छतावरील जागेत पुढे विद्यापीठाच्या मुद्रणालयाची पुस्तके साठविली जात. ग्रंथांच्या ओझ्याने कैचीची घेतलेली ही परीक्षा प्राध्यापकवर्गास रोचक वाटावी.

रेषेची लांबी म्हणजे बल

हर्लंड वा रेन यांच्यापाशी अनुभव होता. अवयवनिहाय बल काढण्याची रीत नव्हती. ती एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाली. स्क्वायर व्हिपल याने १८४७ मध्ये पुलांच्या कैच्यांचे गणित मांडले, मॅक्सवेलने १८६४ मध्ये परस्परपूरक आकृत्यांचा सिद्धान्त दिला, कुलमान याचा आलेखीय स्थितिशास्त्रावरील ग्रंथ १८६६ मध्ये आला, तर रॉबर्ट बो याची अक्षरांकनपद्धती १८७३ मध्ये. ही शेवटची पद्धती आपल्याकडील तंत्रनिकेतनांतूनही शिकविली गेली. या रीतीत कागदावर दोन आकृत्या शेजारी असत : एक कैचीची व दुसरी बलांची, आणि दुसरीतील रेषेची लांबी म्हणजेच त्या अवयवातील बल. छत उंचावण्यासाठी पहिल्या आकृतीतील एक रेषा वर सरकविणाऱ्यास दुसरी आकृती नव्याने काढावीच लागे. वाढलेली रेषा डोळ्यांआड होणे शक्य नव्हते.

ही वाढ किती असते, ते साध्या हिशेबाने दाखविता येते. गाळा ८ मीटर व पायापासून शिखराची उंची २ मीटर असून एकूण भार ‘भ’ समप्रमाणात पसरलेला आहे असे मानू. मध्यभागी तुळईत येणारा ताण भार गुणिले गाळा, भागिले उंचीची आठपट, म्हणजे ‘भ’च्या निम्मा येतो. आता खालचे अवयव तिरपे करून छत मध्यभागी १ मीटर उचलले, तर शिखर व छत यांतील अंतर निम्मे होते आणि तेथील क्षितिजसमांतर बल ‘भ’एवढे, म्हणजे दुप्पट होते. शिवाय अशा तिरप्या तळाच्या कैचीचे पाय भाराखाली बाहेर सरकू पाहतात. ते रोखले, की भिंतीवर पुन्हा रेटा येतो. तळाचे अवयव एकमेकांस छेदतात म्हणून इंग्रजीत या प्रकारास कात्रीचे नाव आहे. मराठीत मात्र साऱ्याच छपरांना कैची असते!

पडद्यावरील कैची

१९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे सादर केलेल्या ‘स्केचपॅड’ या प्रबंधाचे महत्त्व येथे लक्षात घ्यावे लागते. प्रकाशलेखणीने काढलेल्या आकृतीचा एक भाग हलविला, की घातलेल्या अटींनुसार उर्वरित भाग आपोआप जुळत. आजच्या सॉफ्टवेअरमधील आकार जुळविण्याच्या सोयीचे मूळ याच कल्पनेत आहे. परंतु प्रबंधात पुलांच्या कैच्यांचीही चित्रे आहेत, आणि त्यांतील अवयवांवर संगणकाने काढलेले बलांचे आकडे छापलेले आहेत. आकार आणि बल एकाच पडद्यावर होते, हे विशेष.

पुढे या दोन गोष्टींच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्याच संस्थेत स्टीव्हन फेन्व्हस व सहकाऱ्यांनी विकसित केलेली, १९६४ मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झालेली ‘स्ट्रेस’ ही प्रणाली आकड्यांवर चालणारी होती. आरेखनाची सॉफ्टवेअर पुढे स्वतंत्रपणे वाढली. याला उद्योगाचे कारणही होते. फ्लोरिडात १९५५ मध्ये कॅल्व्हिन ज्यूराइट यांनी दातेरी पोलादी पट्टीचा सांधा शोधल्यावर कैची जागेवर न घडता कारखान्यात घडू लागली. आराखडा वास्तुविशारदाचा आणि हिशेब पट्टी पुरविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांचा, अशी विभागणी झाली. ती व्यवहारास सोयीची होती हे मान्य करावे लागेल. घराघरांतील निरनिराळ्या आकारांची छते परवडू लागली ती तिच्यामुळेच.

अमेरिकी गृहरचनेत वापरल्या जाणाऱ्या ‘चीफ आर्किटेक्ट’ या सॉफ्टवेअरमध्ये कैची वरच्या पाख्यांचा व खालच्या छतांचा शोध घेऊन त्यांमधील जागेत स्वतःस बसविते. शेजारच्या खोलीचे छत खाली असेल, तर तिचा तळ तेथे खाली उतरतो. ‘रेव्हिट’मध्येही कैचीची वरची वा खालची बाजू छपरास अथवा स्लॅबला जोडून देता येते. कैचीचा हा बाह्याकार कुलूपबंद करण्याची सोयही पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, जेणेकरून छत बदलले तरी कैची बदलू नये. वरील उदाहरणातील दोन्ही कैच्या अशा पडद्यावर सारख्याच जाडीच्या रेषांत, सारख्याच नीटसपणे उमटतात. दुप्पट झालेला ताण त्या चित्रात कोठेही दिसत नाही. तो कारखान्याकडे जाणाऱ्या दुसऱ्या कागदावर असतो, आणि आराखडा काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती तो कागद बहुधा येतच नाही.