ताट, पंगत आणि बाट

आषाढी एकादशीस सातारा-सांगलीकडील आपल्या घरांत जे फराळाचे ताट वाढले जाते, त्याकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले असता मोठे नवल वाटते. साबुदाण्याची खिचडी, तीत बटाट्याच्या फोडी, शेंगदाण्याचे कूट व हिरवी मिरची. शेजारी रताळ्याचा कीस. यांपैकी बटाटा, रताळे, भुईमूग आणि मिरची ही चारही मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजादी दर्यावर्दी लोकांच्या गलबतांतून सोळाव्या शतकापासून पुढे ती इकडे आली. ज्या कंदापासून आजचा साबुदाणा होतो, तोही त्याच खंडातला. सेलमकडे त्याचे कारखाने तर १९४० नंतरच्या दशकात उभे राहिले. ज्ञानेश्वरमाउलींच्या काळी यांतील एकही जिन्नस महाराष्ट्रात नव्हता.

मग हे परके जिन्नस उपवासास चालले कसे? उपवासाला धान्य वर्ज्य, कंदमूळ ग्राह्य, असा जुना दंडक होता. नवे कंद त्या सवलतीत सहज सामावले. आपल्या शेतातली ज्वारी मात्र बाहेरच राहिली. कोरेगावकडील ज्या वाघ्या घेवड्याचा आपण अभिमान बाळगतो, त्याचे मूळही अमेरिकेतच आहे. मातीने त्याला आपला म्हटले, आपणही म्हटले.

वस्तूंच्या बाबतीत एवढे उदार असलेले आपले पूर्वज माणसांच्या बाबतीत मात्र तसे नव्हते. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने काही प्रतिष्ठित मंडळी जमली. पुढे चहा आला. कोणी तो घेतला, कोणी नुसता शिष्टाचार पाळला. गोपाळरावांनी नावे छापून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. दोष चहाच्या पानांत नव्हता. तो कोणाच्या छपराखाली व कोणाच्या हातून घेतला, हाच खरा वाद होता.

यावरचा उतारा आपल्याच भागात सापडला. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे घराणे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून त्यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले; १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राबत, एकत्र रांधीत आणि एकाच पंगतीस बसत. ग्रंथ धुंडाळून जो वाद मिटला नसता, तो पिठल्या-भाकरीने मिटविला.

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस थोडा संकोच वाटतो, कारण पंक्तिभेदाचे नियम चालविण्यात ज्ञातिसंस्थांचाही हात होता. आज ग्रामण्य नाही. परंतु घर भाड्याने देण्यापूर्वी ‘आपण काय खाता?’ हा प्रश्न शहरांतून विचारला जातोच. परदेशी गेलेली आपली मुले तिकडे काय खातात, याची कुजबुजही थांबलेली नाही. ज्याने त्याने आपले व्रत अवश्य पाळावे. दुसऱ्याच्या ताटावरून त्याची योग्यता मात्र ठरवू नये. आपल्या वार्षिक संमेलनाच्या पंगतीस इतर समाजांतील शेजाऱ्यांनाही पाट मांडावा, अशी आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती आहे. सातासमुद्रांपलीकडची मिरची ज्यांनी आपली मानली, त्यांना शेजारचा माणूस परका वाटू नये.