दीडी आणि चिठ्ठी

१९३० चा श्रावण. वांगणीतल्या घरात नागलीची कणगी तळाला लागली आहे. डोक्यावर इरलं घेऊन, चिखल तुडवत तुम्ही जव्हारला येता. संस्थान मुकणे राजांचं, पण पोटाचा कारभार शेटकडे. त्याच्या दुकानात मीठ, गूळ, घासलेट, सुके बोंबील, लुगडी, कोयते, सगळं एका छपराखाली आहे. भाव मात्र कुठेच लिहिलेला नाही. तो शेटच्या तोंडात असतो आणि तुमचा चेहरा पाहून ठरतो. दोन पायली नागली घ्यायची, सुगीला तीन परत करायच्या. ही दीडी. शेट वही पुढे सरकवतो. अंगठा निळा होतो.

डोळे मिटा, उघडा. त्याच वर्षीची मुंबई, हॉर्नबी रोड. आपण त्याला आता दादाभाई नौरोजी रोड म्हणतो. समोर व्हाइटअवे लेडलॉ. कलकत्त्यात १८८२ मध्ये सुरू झालेली ही पेढी उधार देत नाही. रोख मोजा, माल उचला. त्यावरून गोरे लोक तिला थट्टेनं ‘राइट अवे अँड पेड फॉर’ म्हणतात.

आत कापडाचं खातं वेगळं, भांड्यांचं वेगळं, टोप्यांचं वेगळं. पण एका जागी सगळं मिळण्याचं कौतुक तुम्हाला कसलं? ते तर जव्हारलाच पाहिलंत. तुम्ही थबकता ते एका सदऱ्यापाशी. कॉलरला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर आकडा. साहेबाला तोच भाव, त्याच्या खानसाम्यालाही तोच. अरिस्तीद बुसिको यानं पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ या दुकानात १८५२ पासून हेच रुजवलं: ठरलेला भाव, खुशाल फिरा, नाही घेतलं तरी चालेल. इथे मात्र तुमच्या अनवाणी पायांकडे दरवान टक लावून बघतोय.

चिठ्ठी तुम्ही उलटसुलट करून बघता. भाव पक्का आहे, पण वाचायचा कुणी? शेटच्या वहीतलं तरी कुठे वाचता आलं होतं?

अठरा वर्षं पुढे या. १९४८, नायगाव. गिरणीच्या भोंग्याच्या हद्दीत कामगारांनी स्वतःची ग्राहक सोसायटी काढली आहे. पुढे तिला सगळी मुंबई ‘अपना बाजार’ म्हणेल. गल्ल्यावर ओळखीच्या बोलीतला कारकून आहे. दुकान कुणाचं, असं विचारताच तो हसतो आणि वही उघडतो.

तुमचा हात आपसूक मागे जातो.

“घाबरू नका,” तो म्हणतो, “ही सभासदांची आहे.”