दुसऱ्या भाषेच्या द्वारें

ह्या ज्युबिलीच्या स्मरणिकेंत आमच्या प्रार्थनेच्या भाषेविषयीं कांहीं यावें अशी कित्येक पॅरिशजनांची इच्छा दिसली. तेव्हां आम्ही फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें नांव काढतों. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची थोरवी सर्वांस ठाऊक आहे, ती पुन्हां गाण्याचें कारण नाहीं. ते आमची भाषा कोणत्या वाटेनें शिकले, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

फादर स्टीफन्स जन्मानें इंग्रज. १५७५ सालीं रोम येथें ते येशूसंघांत आले, ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघाले आणि त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोंचले. तेथें राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज व विद्येची लॅटिन. मातृभाषा इंग्रजी तेथें फारशी उपयोगी पडण्याजोगी नव्हती. कोंकणी व मराठी ह्या भाषांकडे ते वळले ते ह्या दोन शिकलेल्या भाषांच्या हातास धरून.

ह्या आधाराचें फळ लवकरच दिसलें. १५८३ सालीं गोव्याहून त्यांनीं आपल्या भावास लॅटिनमध्यें पत्र लिहिलें. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन ह्यांच्या घडणीशीं जुळते, असें त्यांत त्यांनीं नमूद केलें आहे. सर विल्यम जोन्स ह्यांनीं कलकत्त्यास संस्कृतविषयीं असेंच मत मांडलें तें १७८६ सालीं, म्हणजे २०३ वर्षांनीं! केवळ इंग्रजीच्या मापानें मोजलें असतें तर फादरांस हें नातें इतक्या सहज दिसलें नसतें, असें आम्हांस वाटतें. कारण इंग्रजी नामांचे विभक्तिप्रत्यय बहुतेक झडून गेले आहेत. लॅटिनचे मात्र आमच्या मराठीसारखेच शाबूत आहेत.

आम्हांस हें फार उशिरां उमगलें, हें कबूल करणें भाग आहे. मराठी शाळेंत आम्हीं प्रथमेपासून संबोधनापर्यंत विभक्त्या घोकल्या होत्या. पुढें सेमिनरींत लॅटिन शिकलों तें इंग्रजी पुस्तकांतून. ‘दोमिनुस’चें हांक मारतांना ‘दोमिने’ कां होतें, हें त्या पुस्तकानें अर्धें पान खर्चून सांगितलें, तरी आमच्या डोक्यांत शिरेना. परीक्षेंत गुणही तसेच पडले. ‘प्रभु’चें ‘प्रभो’ होतें तसेंच हें, असें एका शब्दानें कोणी सांगितलें असतें तर! पण इंग्रजींतून शिकतांना स्वतःच्या मायबोलीस विचारावें, हें आम्हांसही सुचलें नाहीं.

अर्थात् मधली भाषा सर्वच ठिकाणीं वाट दाखवील असें नव्हे. ‘मुलानें आंबा खाल्ला’, ‘मुलानें पोळी खाल्ली’: खाणारा तोच, पण क्रियापद कर्माप्रमाणें बदललें. अशा वाक्याची रचना पोर्तुगीजांत नाहीं, लॅटिनमध्येंही नाहीं. लॅटिनच्या सांच्यांत तें बसवूं जावें तर कर्मणि म्हणून वेगळें समजावून द्यावें लागतें. आमचें नपुंसकलिंग पोर्तुगीज नामांत सांपडत नाहीं. त्यासाठीं पुन्हां लॅटिनकडेच जावें लागतें. ह्या सर्व अडचणींतून स्वतः पार पडल्यावर फादरांनीं मागून येणाऱ्यांसाठीं कोंकणीचें व्याकरण रचलें, तें पोर्तुगीज भाषेंत. पोर्तुगीज लोक ह्या भाषेस ‘कानारीं’ म्हणत, म्हणून ग्रंथाचें नांवही तसेंच पडलें. १६१९ सालीं फादर निवर्तले. फादर दियोगु रिबेरु ह्यांनीं त्यांत भर घातली, आणखी चौघा फादरांनीं तें तपासलें, आणि १६४० सालीं तें रायतूर येथें छापून निघालें.

‘ख्रिस्तपुराण’ तर १६१६ सालींच तेथें रोमन लिपींत छापलें गेलें होतें. त्या लिपींत ट, ड, ळ ह्यांस स्वतंत्र अक्षरें नाहींत; म्हणून जवळचें रोमन अक्षर जोडीनें लिहिण्याची रीत पडली, आणि रोमन लिपींतील कोंकणींत ती आजही चालूं आहे.

प्रथम कम्युनियनच्या वर्गास येणारीं आमचीं पुष्कळ मुलें आतां इंग्रजी शाळेंत जातात व मराठी प्रार्थना रोमन अक्षरांत उतरून घेतात. गेल्या वर्षीं एका मुलानें विचारलें, “फादर, ‘सकळ’ आणि ‘सकल’ माझ्या वहींत सारखेच दिसतात. आतां वाचूं कसें?” आम्हीं त्यास रायतूरची रीत सांगितली आणि शेवटचें अक्षर दोनदां लिहावयास लावलें. मग त्याच ओळीखालीं नागरी ‘ळ’ काढून दिला.