दुबईतील जेझुइट विधिशाळा : अरबीतून कायदा आणि मराठी घरांतील प्रश्न

बैरूतच्या सेंट जोसेफ विद्यापीठाची दुबईतील शाखा २००८ साली सुरू झाली. हे विद्यापीठ कॅथलिक असून येशूसंघाने, म्हणजेच जेझुइट धर्मगुरूंच्या संघाने, १८७५ मध्ये ते स्थापन केले. दुबईतील शाखेचा मुख्य विषय कायदा आहे आणि तो तेथे अरबी भाषेतून शिकवला जातो. संयुक्त अरब अमिरातीत वाढलेल्या आणि बारावीनंतर वकिलीकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींच्या घरी या विद्यापीठाचे नाव निघाले, तर पालकांच्या मनात प्रथम धर्माचा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो प्रश्न सर्वांत सोपा आहे. खरी अडचण भाषेची असते आणि त्याहून मोठी अडचण पदवीनंतरच्या सनदेची.

धर्माच्या प्रश्नाचे उत्तर मराठी वाचकाच्या परिचयाचेच आहे. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ पासून याच संघाचे आहे, आणि तेथे शिकलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांत हिंदू, पारशी, मुस्लिम व ज्यू विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. सेंट जोसेफ विद्यापीठाने १९७५ साली, लेबनॉनचे यादवी युद्ध पेटले त्याच वर्षी, स्वतःची सनद तयार केली. विद्यापीठाची प्रेरणा ख्रिस्ती असली तरी ते कोणत्याही एका पंथाच्या मालकीचे नाही, अशी भूमिका त्या सनदेत घेतलेली आहे. कॅथलिक विद्यापीठाच्या विधिशाळेत चर्चचा कायदा शिकवतात, हाही एक रूढ गैरसमज आहे. चर्चच्या कायद्याच्या, म्हणजे ‘कॅनन लॉ’च्या, अभ्यासासाठी वेगळ्या विद्याशाखा असतात. अमेरिकेतील नोत्र दाम (१८६९) असो वा जॉर्जटाउन (१८७०), बैरूत असो वा बंगळूरचे ख्राइस्ट विद्यापीठ, येथे शिकवला जातो तो त्या त्या राज्याचा कायदा.

‘कॅनन’ या शब्दाविषयी येथे थोडे सांगण्याजोगे आहे. ग्रीक भाषेत त्याचा मूळ अर्थ मापाची काठी, मोजपट्टी. तोच शब्द अरबीत ‘कानून’ झाला आणि फारसीच्या वाटेने हिंदुस्थानात आला. म्हणजे चर्चचा कॅनन आणि बोली हिंदीतील कानून हे एकाच घरचे. मराठीने मात्र ‘कायदा’ हा दुसरा अरबी शब्द उचलला. त्याचा अरबीतील अर्थ नियम किंवा पाया असा होतो.

बैरूतचा वारसा

दुबईच्या शाखेकडे पाहताना मूळ संस्थेचे वजन लक्षात घ्यावे लागते. रोमन साम्राज्याच्या काळात बैरूत, म्हणजे तेव्हाचे बेरीटस, हे कायद्याच्या शिक्षणाचे अग्रगण्य केंद्र होते. सम्राट जस्टिनियनने ५३३ साली कायद्याचे अध्यापन कॉन्स्टँटिनोपल, रोम व बैरूत या तीनच नगरांपुरते मर्यादित ठेवले, आणि त्याच्या सुप्रसिद्ध विधिसंहितेच्या कामात बैरूतचे डोरोथियस व अनातोलियस हे आचार्य सहभागी होते. ५५१ च्या भूकंपाने ते नगर आणि ती विधिशाळा दोन्ही उद्ध्वस्त केली.

त्यानंतर जवळजवळ चौदा शतकांनी, १४ नोव्हेंबर १९१३ रोजी, फ्रान्समधील लियों विद्यापीठाचे प्राध्यापक पॉल यूव्हलँ यांच्या पुढाकाराने जेझुइटांच्या विद्यापीठात नवी विधिशाळा उघडली. वर्षभरातच पहिले महायुद्ध पेटले, उस्मानी सरकारने फ्रेंच संस्था बंद केल्या, आणि युद्ध संपल्यावरच वर्ग पुन्हा भरू लागले. बैरूतमधील ज्या रस्त्यावर ही विधिशाळा उभी आहे, त्याला आज यूव्हलँ यांचेच नाव आहे. पुढे लेबनॉनच्या राष्ट्राध्यक्षपदी बसलेल्यांपैकी शार्ल हेलू, इलियास सार्किस आणि अमीन जमायेल हे याच शाळेचे विद्यार्थी. लेबनॉनचा १९३२ चा करार व दायित्वविषयक कायदाही लियोंचेच विधिपंडित लुई जोसरां यांच्या हातून घडला. लियों, बैरूत आणि फ्रेंच भाषा हे त्रिकूट असे दीर्घकाळ टिकून राहिले.

तेव्हा दुबईत आल्यावर याच संस्थेने कायद्यासाठी अरबीचा स्वीकार करावा, ही गोष्ट वरवर वाटते तेवढी साधी नाही. ज्या समाजात काम करायचे त्याची भाषा आत्मसात करणे ही जेझुइटांची जुनी रीत आहे. मराठी वाचकाला तिचा दाखला दूर शोधायला नको. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून रचलेले मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. तथापि दुबईतील निर्णयामागे परंपरेपेक्षा व्यवहार अधिक आहे. अमिरातीच्या राज्यघटनेच्या सातव्या कलमानुसार देशाची अधिकृत भाषा अरबी आहे आणि इस्लामी शरियत हा कायद्याचा एक प्रमुख स्रोत आहे. स्थानिक न्यायालयांत दावा, पुरावा, युक्तिवाद व निकाल अरबीत चालतात. इंग्रजी करारनामा पुढे करायचा झाल्यास आधी अधिकृत विधि-अनुवादकाकडून त्याचे अरबी भाषांतर करून घ्यावे लागते. जिथे न्यायाधीश अरबीत विचार करतो, तिथे फ्रेंच वा इंग्रजी पाठ्यपुस्तक वकिलाला दारापर्यंतच नेऊ शकते.

परिचित शब्द, अपरिचित अर्थ

मराठी विद्यार्थ्याला येथे एक फसवा दिलासा मिळतो. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोशा’ने दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी कोर्टकचेरीने आपले जुने शब्द सोडले नाहीत. दावा, वकील, हुकूम, जामीन, वारस, जप्ती हे सारे मुळात अरबी आहेत. दुबईच्या न्यायालयात ‘दावा’ म्हणजे खटलाच. तिथपर्यंत सारे ठीक. पण ‘हुक्म’ म्हणजे नुसती आज्ञा नसून न्यायालयाचा निकाल, ‘दामिन’ म्हणजे सुटका नव्हे तर हमी देणारी व्यक्ती, आणि ‘वकील’ म्हणजे मुखत्यार वा प्रतिनिधी. न्यायालयात उभा राहणारा तो ‘मुहामी’. कुळकायद्याच्या गप्पा ऐकत वाढलेल्या मुलाला हे शब्द आपलेसे वाटतील, परंतु परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हीच जवळीक घात करील.

दुबईतील खासगी शाळांत, सीबीएसईच्या शाळाही त्यात आल्या, अरबेतर मुलांना नववीपर्यंत अरबी सक्तीची आहे. त्यातून वाचन, लेखन आणि रोजच्या व्यवहारापुरते संभाषण येते. कायद्याच्या कलमातील एका अव्ययाने जबाबदारी कोणावर पडते हे ठरवण्याइतकी भाषा त्यातून येत नाही. म्हणून अरबी माध्यमातील विधिशाळेचा विचार करणाऱ्याने नववीनंतर अरबी सोडून चालणार नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षे अभिजात गद्य, वृत्तपत्रे आणि न्यायालयीन निकाल यांचे वाचन करावेच लागेल. हे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी अमिरातीतच अन्य वाटा आहेत. अबू धाबीतील सोर्बोन विद्यापीठात (२००६) फ्रेंचमधून कायदा शिकता येतो, तर लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठाच्या दुबई शाखेत (२००५) इंग्रजीतून इंग्लिश कायद्याची पदवी घेता येते. तथापि या तीन पदव्या नुसत्या तीन भाषांच्या नव्हेत, त्या वेगवेगळ्या विधिपरंपरांच्या आहेत, आणि घरच्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट निसटते.

भारतात कायद्याचे शिक्षण इंग्रजी वळणाचे असते. तेथे न्यायालयांचे पूर्वनिर्णय हे कायद्याचे मोठे अंग असते आणि विद्यार्थी खटल्यांच्या नावांनी विचार करायला शिकतो. अमिरातीची स्थानिक न्यायालये युरोपीय धर्तीच्या संहिताबद्ध परंपरेतील आहेत. १९८५ चा दिवाणी व्यवहार कायदा १९७६ च्या जॉर्डनी संहितेला जवळचा, आणि दोहोंच्या मागे इजिप्तची १९४८ ची, अब्दुल रज्जाक सन्हुरी यांनी सिद्ध केलेली संहिता. सन्हुरी फ्रान्समध्ये शिकले होते. त्यांनी फ्रेंच रचना आणि इस्लामी विधिशास्त्र यांची सांगड घातली. गोव्याच्या वाचकाला हे अनोळखी वाटू नये. तेथे कौटुंबिक व वारसा प्रकरणांत दीर्घकाळ आधारभूत राहिलेली १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता याच युरोपीय कुळातली आहे. पणजीच्या वकिलाला जे ओळखीचे वाटेल, ते पुण्याच्या वकिलाला नव्याने शिकावे लागेल.

या साऱ्याला एक अपवाद आहे, आणि तो लहान नाही. दुबई आंतरराष्ट्रीय वित्त केंद्राची न्यायालये २००४ च्या कायद्याने अस्तित्वात आली. ती इंग्रजीतून आणि इंग्लिश कायद्याच्या धर्तीवर चालतात. २०११ पासून केंद्राबाहेरचे पक्षकारही लेखी संमतीने त्यांच्याकडे जाऊ शकतात. अबू धाबीतील ग्लोबल मार्केट या वित्तक्षेत्रात तर इंग्लिश कॉमन लॉ थेट लागू केलेला आहे. बँका, विमा, जहाजवाहतूक, मोठे बांधकाम करार यांत काम करू इच्छिणाऱ्याला ही दालने खुली आहेत. परंतु थकलेला पगार, घरभाड्याचा तंटा, वटला नाही म्हणून परत आलेला धनादेश, अपघाताची भरपाई यांसारखी सामान्य स्थलांतरिताची प्रकरणे बहुतांशी त्या काचेच्या इमारतींत जात नाहीत. अबू धाबीच्या न्याय विभागाने फेब्रुवारी २०१९ मध्ये कामगार प्रकरणांसाठी अरबी व इंग्रजीच्या जोडीला हिंदी अर्जांची सोय केली, ती याच गरजेतून. त्यामुळे आपले म्हणणे दाखल करणे कामगाराला सोपे झाले. निकाल वाचून पुढची पायरी ठरवणारा माणूस मात्र अरबी जाणणाराच लागतो. मराठी आणि अरबी या दोन्ही भाषा जाणणारा कायदेपदवीधर येथे फार कमी आढळतो, ही उणीव कामगार वस्त्यांत काम करणाऱ्या कोणाच्याही ध्यानात येईल.

सनदेचा प्रश्न

पदवी हाती आली म्हणजे वकिली सुरू झाली असे अमिरातीत होत नाही. १९९१ च्या वकिली व्यवसाय कायद्याने स्थानिक न्यायालयांत उभे राहण्याचा अधिकार मुख्यतः देशाच्या नागरिकांसाठी राखला होता. २०२२ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला, तरी सर्वसाधारण चित्र तेच आहे. परदेशी पदवीधर विधि-सल्लागार म्हणून काम करतो. तो करार लिहितो, अभिप्राय देतो, प्रकरणाची तयारी करतो, आणि न्यायालयात युक्तिवाद नागरिक असलेला वकील करतो. वित्त केंद्राच्या न्यायालयांची वकील-नोंदणी मात्र वेगळी आहे. दुबईतच जन्मून येथेच अरबीतून कायदा शिकलेल्या मराठी मुलीलाही हाच नियम लागू पडेल. घरी हा मुद्दा पहिल्याच दिवशी स्पष्ट झालेला बरा. चौथ्या वर्षी कळला तर तो अन्यायासारखा वाटतो.

मग परतीची वाट? भारतात १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनुसार परदेशी विद्यापीठाची कायद्याची पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली असली तरच सनदेसाठी ग्राह्य धरली जाते. त्यावर पात्रता परीक्षा आहे आणि नोंदणीनंतर अखिल भारतीय बार परीक्षाही आहे. कौन्सिलच्या २००८ च्या विधिशिक्षण नियमांची चौकट बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे अशी आहे. बारावीनंतर थेट तीन वर्षांत मिळालेली परदेशी पदवी या चौकटीत बसत नाही आणि उरलेला अभ्यासक्रम भारतात पूर्ण करण्याची वेळ येते. अरबीतून झालेल्या पदवीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघड आहे. संविधान, भारतीय करार कायदा, दिवाणी प्रक्रिया संहिता हे सारे तेथून आलेल्याला पहिल्यापासून शिकावे लागेल.

असे असूनही या पदवीचे मोल गेल्या काही वर्षांत वाढले आहे, आणि त्याचे कारण दिल्लीतील एका अधिसूचनेत सापडते. १७ जानेवारी २०२० रोजी भारत सरकारने संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली ‘परस्परसंबंधी प्रदेश’ म्हणून घोषित केले. दुबई वा शारजाच्या न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा आता भारतात नवा दावा न लावता जिल्हा न्यायालयातून अंमलात आणता येतो. आखातातील कर्ज मागे ठेवून रत्नागिरीला परतलेल्या माणसाच्या घरावर त्या अरबी निकालाची सावली पडू शकते, आणि दुबईतील भागीदाराने बुडवलेल्या कोल्हापूरच्या उद्योजकालाही त्याचा आधार मिळू शकतो. निकाल अरबीत, त्याचे भाषांतर इंग्रजीत, अंमलबजावणी महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयात. मूळ निकाल नीट झाला होता की नाही, प्रतिवादीला समन्स पोहोचले होते की नाही, हे आक्षेप संहितेच्या कलम १३ खाली घेता येतात. पण ते घेण्यासाठी कोणीतरी मूळ कागद वाचावा लागतो.

कौटुंबिक कायद्यातही असेच घडले आहे. बिगर-मुस्लिम रहिवाशांसाठीचा संघीय व्यक्तिगत कायदा १ फेब्रुवारी २०२३ पासून अंमलात आला; विवाह, घटस्फोट, मुलांचा ताबा, वारसा ही प्रकरणे त्याखाली चालू शकतात. पनवेलला फ्लॅट, दुबईत बँक खाते आणि मृत्युपत्र कुठेच नाही, अशा घराला दोन्ही देशांचे कायदे जाणणारा सल्लागार लागतो.

प्रवेशाचा निर्णय करण्यापूर्वी तीन कागद हाती असावेत. अभ्यासक्रमाला अमिरातीच्या शैक्षणिक अधिस्वीकृती आयोगाची मान्यता आहे, याचा आयोगाच्या यादीतील पुरावा हा पहिला. दुसरा म्हणजे अध्यापनाची व परीक्षेची भाषा विषयवार सांगणारे विद्यापीठाचे लेखी पत्र, कारण काही विषय एका भाषेत आणि परीक्षा दुसऱ्या भाषेत असा घोळ कोणत्याही बहुभाषिक संस्थेत संभवतो. तिसरा, भारतात परतण्याचा विचार असल्यास, त्या नेमक्या पदवीबाबत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडून मागवलेले लेखी उत्तर. हे शेवटचे पत्र यायला वेळ लागतो, म्हणून त्यासाठीचा अर्ज बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच रवाना झालेला असावा.