वयात येणाऱ्या मुलांच्या रक्तातलं लोह, जस्त आणि शिसं : तपासणी कशी होते?

सातारा-सांगली : शाळेत रक्त तपासणी झाली की घरी बहुतेक एकच आकडा पोचतो, हिमोग्लोबिनचा. पण शरीराला लोहाबरोबर जस्त, तांबं, सेलेनियम हेही अगदी थोडं थोडं लागतं. शिसं आणि पारा मात्र अजिबात लागत नाहीत. ते रक्तात सापडले तर बाहेरूनच आलेले असतात.

केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि युनिसेफ यांच्या २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलामुलींचं रक्त देशभर तपासलं गेलं. २८ टक्के जणांना रक्तक्षय निघाला. मुलींत ४० टक्के, मुलांत १८. जस्ताची कमतरता तर ३२ टक्के जणांत. उसाच्या किंवा मक्याच्या पानावर जस्ताची कमतरता शेतकरी बांधावरून ओळखतो. पोराच्या अंगावर ती तशी दिसत नाही. उंची न वाढणं, भूक मंदावणं, जखम लवकर न भरणं ही लक्षणं आहेत, पण ती दुसऱ्या कारणानंही होतात. ज्वारी, बाजरी, डाळीतलं फायटेट लोह आणि जस्त दोन्ही अडवतं. मटकीला मोड आणले की ते कमी होतं.

शिशाचा विषय आपल्या भागाला जास्त जवळचा. चांदी शुद्ध करताना शिसं वापरायची पद्धत जुनीच आहे. कराडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेतल्या संशोधकांनी २००६-०७ च्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातले चांदी कारागीर आणि बॅटरी कामगार यांच्या रक्तातलं शिसं मोजून निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते कामगार मोठे होते. पण अशा कामाची धूळ कपड्यांवरून घरात येते आणि पोरांच्या पोटात जाते. जुन्या बॅटऱ्या अंगणात फोडणं तर सगळ्यात वाईट. अंगात लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, म्हणजे रक्तक्षय असलेल्या मुलीला दुहेरी धोका.

नमुना घेण्यातच खरी मेख आहे. साध्या नळीच्या रबरी बुचातूनही जस्त रक्तात उतरतं, म्हणून त्यासाठी धातूमुक्त, गडद निळ्या टोपणाची खास नळी लागते. जस्तासाठी रक्त सकाळी उपाशीपोटी दिलेलं बरं. नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तर आकडा खोटाच वाढतो. शिशासाठी बोट टोचणार असतील तर आधी हात साबणानं स्वच्छ धुवायचे, नाहीतर कातडीवरची धूळच मोजली जाते. असा आकडा जास्त आला तर शिरेतलं रक्त घेऊन पुन्हा खात्री करतात. पुढचं मोजमाप मोठ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर होतं. गावच्या आरोग्य केंद्रात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनेनुसार रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं निघालं तर ते कुठून येतंय हे शोधून थांबवायचं. मुलांमध्ये ४५ किंवा वर गेलं तर शिसं बाहेर काढणारं औषध, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडात साठलेलं वर्षानुवर्षं राहतं. त्यामुळे एकदा आकडा कमी आला म्हणजे जुनं सगळं गेलं असं नाही.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोह आणि फॉलिक अॅसिडची असते. तिच्यात जस्त नसतं. जस्ताच्या गोळ्या मनानं चालू करू नयेत. जास्त झालं तर तांबं कमी पडतं. घरात कोणी चांदीच्या, बॅटरीच्या किंवा रंगाच्या कामात असेल, तर मुलाला डॉक्टरांकडे नेताना हे आधी सांगावं. न सांगितल्यास शिशाची तपासणी बहुधा कोणी लिहून देत नाही.