जनुक शाबूत, प्रथिन गायब

घाट चढण्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात. लोणावळ्याला ती सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी परत जातात. पेशीतले युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिनही असेच पुन्हापुन्हा वापरले जाते. नको असलेल्या प्रथिनाला युबिक्विटिनची साखळी जोडली जाते. ही खूण ओळखून प्रोटिएझोम ही पिंपाच्या आकाराची यंत्रणा त्या प्रथिनाचे तुकडे करते. युबिक्विटिन मात्र सुटे होऊन परत कामाला लागते.

मोडण्याच्या कामाला पेशी ऊर्जा का खर्च करते, हे जुने कोडे होते. ऊर्जा लागते ती निवड करण्यासाठी! सिचानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांनी १९८०च्या सुमारास हे उलगडले. त्यांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

निवड चुकली तर काय होते? पी-५३ हे प्रथिन १९७९ साली सापडले. डीएनएला इजा झाली, की ते पेशीचे विभाजन थांबवते. १९८३ साली हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही-१६ हा विषाणू आढळला. या गाठींमध्ये पी-५३चे जनुक बहुधा शाबूत असते, तरी प्रथिन फारसे दिसत नाही. त्याचे कारण १९९० साली कळले. विषाणूचे ई-६ हे प्रथिन पेशीच्याच यंत्रणेकरवी पी-५३वर युबिक्विटिनची खूण करवते. पेशी आपला पहारेकरी स्वतःच मोडून टाकते.

म्हणजे ज्या स्त्रीच्या शरीरात हा विषाणू टिकून राहतो, तिला धोका अधिक. मग विषाणूचा डीएनए शोधून कर्करोग आधीच रोखता येईल का? बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांच्या सहभागाने १९९९पासून तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या; नेहमीचीच आरोग्यसेवा मिळालेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४. या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, हा प्रश्नही पुढे विचारला गेला. तो विचारायलाच हवा होता.

जनुकाकडून प्रथिनाकडे जाणारा बाण आपण फळ्यावर काढतो. प्रथिनापुढे आणखी एक बाण काढावा, मोडण्याचा. जनुक शाबूत असूनही प्रथिन का नाहीसे होते, हे मग विद्यार्थी स्वतःच सांगतील.