पळते दिवे आणि संगणकाचा नाद

गणेशोत्सवात पुण्याच्या महात्मा फुले मंडईभोवती रात्री जी गर्दी लोटते, ती शारदा-गजाननाच्या दर्शनासाठी जितकी, तितकीच रोषणाई पाहण्यासाठीही असते. दिवे पळतात, थबकतात, उलटे फिरतात. दिव्यांचे कमळ उमलते आणि मिटते. खरे तर पळत कोणीच नाही. प्रत्येक दिवा आपापल्या जागी घट्ट बसवलेला असतो. दिवे पाळीपाळीने लागतात आणि विझतात, म्हणून ते पळाल्याचा भास होतो. मुलांना एवढे सांगितले की बहुतेकांचे समाधान होते. एखादाच पुढे विचारतो, "पण कोणता दिवा कधी लावायचा, हे कोण सांगतं?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरात संगणकाचा बराचसा इतिहास सामावलेला आहे. संगणकाचा नाद लागलेल्या माणसांची करमणूकही याच प्रश्नातून वाढत गेली. ती कशी, हे आपण मंडईपासूनच सुरुवात करून पाहू.

लाकडी रूळ

इलेक्ट्रॉनिक्स सर्रास वापरात येण्यापूर्वी दिवे पळवण्याची एक युक्ती होती. एका लाकडी रुळावर तांब्याच्या पट्ट्या ठोकायच्या आणि मोटर लावून तो सावकाश फिरवायचा. प्रत्येक दिव्याच्या तारेला पत्र्याची एक जीभ जोडलेली असे व ती रुळावर टेकलेली असे. जिभेखाली तांबे आले की दिवा लागे, लाकूड आले की विझे. पट्टी लांब असेल तर दिवा जास्त वेळ लागे. पट्टी पुढे सरकवली तर तो उशिरा लागे. रुळाचा एक फेरा झाला की तोच खेळ पुन्हा सुरू.

हा रूळ म्हणजे लिहून ठेवलेला हुकूम आहे. तो लिहिणारा कारागीर आता तिथे नसला, तरी हुकूम पाळला जातो. ही कल्पना फार जुनी आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी खुंट्या बसवलेल्या रुळाच्या साह्याने आपोआप वाजणाऱ्या वाद्याचे वर्णन केले होते. फ्रान्समध्ये जॅकारने १८०४ साली भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी माग चालवून कापडावर नक्षी विणली. त्याचे पुठ्ठे पाहूनच चार्ल्स बॅबेजला आपल्या नियोजित गणनयंत्राला हुकूम देण्याची रीत सुचली.

रुळाची अडचण उघड आहे. नक्षी बदलायची तर पट्ट्या उखडून पुन्हा ठोकाव्या लागतात.

तपकीर गल्ली

मंडईपासून थोडे चालून बुधवार पेठेत शिरले की तपकीर गल्ली लागते. ही पुण्याची विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची बाजारपेठ. १९८० च्या दशकात आम्ही चार-पाच मित्र सुट्टीच्या दिवशी इथे फिरत असू. हातात 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' मासिकातून उतरवून घेतलेली मंडलाची आकृती आणि खिशात मोजके पैसे. तपकिरी, काळा, नारिंगी पट्टे म्हणजे दहा हजार ओहमचा रेझिस्टर. तपकिरी, काळा, पिवळा म्हणजे एक लाखाचा. पाढे विसरलो असतो, पण हे रंग विसरलो नाही.

खरेदीत दोन आयसी हमखास असत. पहिला ५५५. हा १९७२ साली बाजारात आला आणि जगभरच्या हौशी मंडळींचा लाडका झाला. आठ पायांचा हा आयसी ठरावीक वेळाने ठोके देतो. दहा हजार आणि एक लाख ओहमचे रेझिस्टर व एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, तर सेकंदाला सुमारे सात ठोके पडतात. कपॅसिटर दहापट मोठा घेतला, तर दीड सेकंदाला एक. दुसरा आयसी ४०१७. त्याला दहा निर्गम असतात. प्रत्येक ठोक्याला तो आधीचा निर्गम बंद करतो आणि पुढचा चालू करतो. या दोघांना कथलाचा डाग देऊन जोडले की दहा दिवे पळू लागत. घरघरणाऱ्या रुळाचे काम बोटाएवढ्या दोन वस्तू करत.

पण ४०१७ ला एकच चाल ठाऊक आहे: एकामागून एक. कमळ उमलवायचे तर कोणत्या पावलाला कोणते दिवे लावायचे याची यादी कुठे तरी लिहून ठेवायला हवी. ती यादी २७१६ सारख्या स्मृतीच्या आयसीत ठेवता येई. त्यात २०४८ घरे असतात आणि प्रत्येक घरात आठ बिट्स. एक बिट म्हणजे एक दिवा: १ असेल तर लागलेला, ० असेल तर विझलेला. म्हणजे आठ दिव्यांची २०४८ पावले! आयसीच्या पाठीवर काचेसारखी एक खिडकी असे. तिच्यातून काही वेळ अतिनील किरण सोडले की पाटी कोरी होई. पट्ट्या उखडण्याचे कष्ट संपले.

हुकूम कधी 'संगणक' होतो?

एवढे झाले तरी हा संगणक नव्हे. इथे मोजणारा आयसी मुकाट्याने पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत जातो आणि स्मृतीतले आकडे फक्त दिव्यांविषयी बोलतात. समजा, काही आकडे असे ठेवले की त्यांचा अर्थ 'बेरीज कर', 'तुलना करून पाहा' किंवा 'अमुक आले तर तमुक घरात उडी मार' असा होईल. आता हुकूम स्वतःची वाटही ठरवू लागतो. रूळ आणि संगणक यांतला फरक तो हाच. मुलांना संगणकाची व्याख्या पाठ करायला लावण्याऐवजी हा फरक दाखवावा, असे आम्हाला वाटते.

आम्हाला तो कळला ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या किटवर. अशी किटे अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असत. पडदा नाही, फक्त काही कळा आणि सहा अंक दाखवणारी एक पट्टी. आज्ञा आकड्यांतच भरायच्या. त्यांतली ०७ ही आज्ञा आठही बिट्सना एक घर डावीकडे सरकवते. डाव्या टोकाचा बिट उजव्या टोकाला येतो. ०७ द्यायची, थोडे थांबायचे, मागे उडी मारायची. झाले पळते दिवे! फरक एवढाच, की आता 'कळ दाबली तर उलटे पळा' असेही सांगता येत होते.

पुढे वाचनात आले, की अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी हाच खेळ आमच्या आधी दहा वर्षे खेळून घेतला होता. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' हा घरी जोडायचा संगणक झळकला. त्याची स्मृती होती २५६ बाइट्स. त्यालाही पडदा नव्हता. समोर खटके आणि लाल दिव्यांच्या रांगा. त्याचा प्रोसेसर ८०८० हा ८०८५ चा थोरला भाऊ, आणि ०७ चा अर्थ दोघांना एकच. त्याच वर्षी डीन मॅकडॅनिएल यांनी त्यासाठी एक खेळ लिहिला. एक दिवा रांगेतून पळतो. तो नेमका समोर आला की खटका ओढून त्याला विझवायचे. चुकलात तर आणखी एक दिवा पळू लागतो. मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये अशा हौशी लोकांची पहिली बैठक भरली. त्या 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'मधूनच पुढे ॲपलचा पहिला संगणक आला. सुरुवात मात्र गंमत म्हणूनच झाली होती.

देवळालीचे मास्तर आणि दूरदर्शन संच

१९८२ साली इंग्लंडमध्ये 'झेडएक्स स्पेक्ट्रम' निघाला. तो घरच्या टीव्हीला जोडता येई आणि त्याचे कार्यक्रम साध्या कॅसेटवर साठवले जात. काही यंत्रे परदेशातून येणाऱ्यांच्या सामानातून आपल्याकडे आली. नंतर डेसिबल्स कंपनीनेही ती बनवली. कॅसेटमधून कार्यक्रम यंत्रात शिरताना कर्कश आवाज येत राही आणि तो मध्येच बिघडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मासिकात छापलेले कार्यक्रम तासन् तास टंकायचे, चुका शोधायच्या आणि मग त्यांत आपली भर घालायची, हा त्या काळचा विरंगुळा.

आमचा आवडता कार्यक्रम कापरेकरांचा होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर. फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी, आणि संख्यांशी खेळण्याचा जन्मभराचा नाद. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा: ५४३२ – २३४५ = ३०८७. पुन्हा तेच करा: ८७३० – ०३७८ = ८३५२. आणखी एकदा: ८५३२ – २३५८ = ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. सुरुवात कुठूनही केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण इथेच पोहोचतो. कापरेकरांना हे कागद-पेन्सिलीवर सापडले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि जगाला त्यांची ओळख झाली. अल्टेअर आला तेच हे वर्ष!

सातच पायऱ्या लागतात, हे आम्ही यंत्राकडून तपासून घेतले. मग तीन अंकी संख्या घेतल्या. त्या ४९५ वर थांबतात. दोन अंकी मात्र कुठेच थांबत नाहीत: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९. हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. खेळता खेळता सापडले.

बंद खोली

भारत सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्पातून अडीचशे शाळांत 'बीबीसी मायक्रो' संगणक देऊन सुरुवात केली. पुढे संगणक गावोगावच्या शाळांत पोहोचले. पण आमच्या पाहण्यातल्या एका शाळेत संगणकाच्या खोलीला कुलूप असे, यंत्रावर आच्छादन असे आणि दारावर पाटी असे: 'हात लावू नये'. आत गेल्यावर मुले फळ्यावरून 'संगणकाचे भाग' उतरवून घेत. दोष शिक्षकांचा नव्हता. यंत्र महाग होते आणि बिघडले तर उत्तर त्यांनाच द्यावे लागणार होते. तरी नुकसान झालेच. यंत्रे जसजशी वापरायला सोपी झाली, तसतशी ती आतून दिसेनाशीही झाली. आजचा मोबाइल अल्टेअरपेक्षा कल्पनेपलीकडे ताकदवान आहे. पण 'हे कोण सांगतं?' असे त्याला पाहून विचारावेसे वाटत नाही.

हे इतरत्रही जाणवले. केंब्रिज विद्यापीठातल्या काही जणांच्या लक्षात आले, की संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांना यंत्राशी खेळण्याचा पूर्वीइतका अनुभव राहिलेला नाही. त्यातून २०१२ साली 'रास्पबेरी पाय' हा स्वस्त, उघडा संगणक आला. २०१६ साली ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना 'मायक्रोबिट' वाटण्यात आला. त्याच्या दर्शनी बाजूला काय आहे? पंचवीस लाल दिवे!

वर्गासाठी रूळ

आपल्याला त्याचीही वाट पाहायला नको. पावडरच्या डब्यावर ॲल्युमिनियमची पन्नी घट्ट गुंडाळा. मुलांना वहीत चार ओळी आणि आठ रकान्यांचा तक्ता आखून त्यात हवे तिथे १ व ० लिहायला सांगा. तोच तक्ता डब्याच्या घेराएवढ्या कागदावर उतरवा, १ च्या जागी खिडक्या कापा आणि कागद पन्नीवर चिकटवा. एका टोकाला थोडी पन्नी उघडी राहू द्या. चार सेलची (६ व्होल्ट) एक तार त्या उघड्या पन्नीवर टेकवा. दुसऱ्या टोकाला चार एलईडी जोडा, प्रत्येकाला ३३० ओहमचा रेझिस्टर लावून. त्यांच्या मोकळ्या तारा आपापल्या ओळीवर टेकवा आणि डबा हाताने फिरवा. घरातल्या विजेचा वापर मात्र मुळीच करू नका.

दिवे चुकीचे लागले, तर लगेच दुरुस्त करून देऊ नका. तक्त्यात चूक आहे, कागदात आहे की तारेत, हे मुलांना शोधू द्या. संगणकाच्या नादी लागलेल्या माणसाचा बहुतेक वेळ अशाच शोधात जातो, आणि त्याची खरी करमणूकही तीच.